सात गावांचे नारळ एका फोल्डरात

मु. पो. नांदूरघाट, ता. केज

आदरणीय परमेश्वर दाजी,

तुमचा मेव्हणा रविराज याचा नांदूरघाटहून वाकून नमस्कार. (खरंच वाकलोय. फोटो स्टुडिओतल्या खुर्चीची पाठ मोडल्यापासून मला सरळ बसताच येत नाही.) इकडे आई, मी आणि स्टुडिओ तिघंही ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, स्टुडिओचा पत्रा कुरकुरतो, आणि या दोघांचं ऐकून मीही थोडं कुरकुरतो, एवढंच. तुमची शुगर आता अक्काच्या ताब्यात असल्यामुळे तिची वाढायची हिंमत होत नसेल, असं धरून चालतो. अंबाजोगाईच्या नव्या घरात पाणी वर चढायला लागलं का? तुम्ही कॉलेजात हिशेब शिकवता, म्हणजे पाण्याच्या टाकीचाही काहीतरी ताळेबंद लावलाच असेल.

फोन सोडून पत्र कसं काय, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी तोंड उघडलं की तुम्ही "बरं बरं" म्हणून विषय संपवता, आणि ही हकीकत "बरं बरं"मध्ये मावणारी नाही. तुम्ही निवांत खुर्चीत बसा, चहा मागवा (बिनसाखरेचा) आणि वाचा.

तुम्हाला सुंदररावसाहेब आठवतात का? तुमच्या लग्नात आशीर्वादाचं भाषण करता करता ज्यांनी रब्बीची पैसेवारी काढली होती आणि लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजून गेल्या होत्या, ते. मोठे बागाईतदार, पंचायत समितीचे माजी सदस्य. यंदा त्यांना जिल्हा परिषद लढवायची होती, आणि त्यासाठी गेल्या पाच वर्षांत आपण काय काय केलं हे लोकांना मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. आता केलं म्हणजे काय, तर भूमिपूजनं केली. सात गावांत केली. त्या सगळ्यांचे फोटो काढायला मीच गेलतो, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. (सात गावांतलं लिंबागणेश तर त्यांच्या निवडणुकीच्या गटातही नाही, ते पाहुण्यांचं गाव. पण नारळ हातात आला की साहेब गट बघत नाहीत.)

दाजी, माझ्या कपाटात बनियन आणि लाइटबिलं एकाच कप्प्यात नांदतात हे अक्कानं तुम्हाला सांगितलं असेलच. पण संगणकात माझ्याइतका टापटीप माणूस केज तालुक्यात नव्हता. आधी वर्षाचा फोल्डर, वर्षाच्या पोटात गावाचा, गावाच्या पोटात कामाचा. रस्ता वेगळा, सभामंडप वेगळा, पाण्याची टाकी वेगळी. कोणत्या साली कोणत्या गावात साहेबांनी कशाचा नारळ फोडला, हे खुद्द साहेबांनासुद्धा सांगता आलं नसतं, पण माझ्या संगणकाला येत होतं. त्यावर मी मन लावून फोटो सुधारायला बसलो. साहेबांचा रंग दोन माणसांएवढा उजळला. मागे बिडी ओढणाऱ्यांची बिडी पुसली. एका फोटोत साहेबांनी जांभई दिली होती, तिची मी घोषणा केली.

फोटो सुधारून झाले की ते सॉफ्टवेअरमधून बाहेर काढावे लागतात, त्याला एक्सपोर्ट म्हणतात. त्यासाठी एक खिडकी उघडते आणि ती खिडकी सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांसारखे प्रश्न विचारते. फोटो कुठं ठेवू, मूळ फोल्डरांच्या रचनेत की सगळे एका ठिकाणी? मला वाटलं, एका ठिकाणी म्हणजे एका मोठ्या पिशवीत स्टीलचे डबे नीट झाकण लावून ठेवतात तसं. मी म्हटलं, एका ठिकाणी. नावं काय देऊ? म्हटलं, ओळीनं आकडे दे, एक दोन तीन. फोटोतली जास्तीची माहिती ठेवू का? जास्तीची म्हटल्यावर मी कशाला ठेवतोय, आपल्याकडे गरजेचंच मावत नाही. (तारीख आणि वेळ त्या जास्तीच्या माहितीतच असते, हे मला नंतर कळलं.) मग मी सगळे फोटो निवडले, बटण दाबलं आणि शेंगदाणे खात बसलो. काम झाल्याची घंटी वाजली. संगणकातली जागा संपत आल्याची लाल पट्टी कधीची डोळ्यांत खुपत होती, म्हणून नवं बाहेर आलं तर जुनं कशाला, असा विचार करून मी मूळ फोटो सगळे पुसले. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. आईनं पाहिलं असतं तर पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली असती.

मग फोल्डर उघडला. डबे नव्हतेच. नुसती पिशवी होती, आणि पिशवीत वरण, भात, लोणचं, खीर सगळं एकजीव. वर्षं गेली, गावं गेली, रस्ते, टाक्या, सभामंडप गेले. उरले ते ओळीनं आकडे घातलेले हजारभर सुंदरराव, सगळे वाकलेले. दाजी, मी धावत कचऱ्याची टोपली पुन्हा उघडली, तर तीही मीच रिकामी केलेली.

तुम्ही म्हणाल, फोटोवरून गाव ओळखता येत नाही का. नाही येत. भूमिपूजन इथून तिथून एकच असतं. हळदीकुंकू लावलेली कुदळ तीच, कारण साहेबांची स्वतःची कुदळ आहे आणि ती गाडीच्या डिकीत असते. फेटा तोच. फ्लेक्सवर गावाचं नाव असेल म्हणाल, तर काटकसर म्हणून साहेबांनी "भूमिपूजन सोहळा" एवढंच लिहिलेला एकच फ्लेक्स पाच वर्षं वापरला. मागे काय दिसतं, तर तूर, नाहीतर कापूस, नाहीतर काहीच नाही. आपल्या भागात काहीच नाही हे पीक सगळ्या गावांत सारखंच येतं.

शेवटी छाती घट्ट करून साहेबांच्या घरी गेलो. साहेब झोपाळ्यावर होते, त्यांच्या मालकीण छबुबाई पायरीवर शेंगा सोलत होत्या. मी जे झालं ते सांगितलं. साहेब रागावतील म्हणून मी चप्पल दाराकडे तोंड करून काढली होती, पण ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळ्या फोटुत मी हाय ना बे?" मी म्हटलं, आहात. "मंग अंदाजानं लाव की. लोकं मला बघणार हायेत, का तुरीला?" छबुबाईंनी लॅपटॉप जवळ ओढून बरेच फोटो बघितले आणि म्हणाल्या की पाच वर्षांत एकाही फोटोत आपल्याला उभं केलेलं दिसत नाही. त्यावर साहेबांनी झोपाळ्याचा वेग वाढवला.

तर मी अंदाजानं लावले. ग्रामपंचायतीच्या पटांगणात पडदा लागला, आसपासच्या गावांतून माणसं आली, साहेबांनी प्रत्येक गावच्या नावानं भाषण केलं आणि प्रत्येक नावाला मी एक मूठ फोटो टाकत गेलो. सहा गावांपर्यंत कार्यक्रम सुरळीत गेला. खरं सांगतो, माझी भीड इतकी चेपली की मी गाणीसुद्धा लावायला लागलो. तेवढ्यात गर्दीतून बंकट उठला. बंकट म्हणजे साहेबांचा विरोधक, त्याचं खताचं दुकान आहे आणि जीभ खतापेक्षा कडक आहे. तो पडद्याजवळ आला आणि फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पिवळ्या लुगड्यातली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती, तिच्या शेजारी घोंगडी पांघरलेला एक माणूस आणि मागे मेंढरं. बंकट म्हणाला, जरा मागच्या गावाचा फोटो लाव. मी लावला. त्यातही ती. अजून मागच्या गावाचा. त्यातही ती, तसेच कमरेवर हात, तशीच मेंढरं. मग बंकट अगदी सावकाश, वरात थांबवल्यासारखा लोकांकडे वळला.

"सायेब, ही माय सातही गावची रहिवासी हाय का? का तुमी एकाच दिवशी एकाच वावरात सात नारळ फोडले?"

पटांगणात असा हशा पिकला की पडदा हलला. दाजी, आता यातली गंमत बघा. सुंदररावांनी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या असतील, पण ही गोष्ट शंभर टक्के खरी होती. ते सातही गावांत गेले होते, वेगवेगळ्या साली गेले होते, उन्हातान्हात गेले होते, कारण त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन मी भाजलो होतो. पण खरं दाखवायला तारीख लागते, फोल्डर लागतो, आणि ते मी शेंगदाण्याच्या टरफलांबरोबर टाकून दिले होते. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलणारा माणूस सगळ्या गावासमोर खोटा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. शाळेत न केलेल्या खोडीसाठी मार खाणारं पोर बघतं, तसं ते बघत होते. मला त्या माणसाची पहिल्यांदा कीव आली आणि लगेच स्वतःची त्याहून जास्त आली, कारण मला याच गावात लग्नांच्या सुपाऱ्या घ्यायच्या आहेत.

आता त्या बाईला शोधणं आलं. ती निघाली मनकर्णाबाई, घोंगडीवाला तिचा नवरा सुग्रीव. मेंढपाळ माणसं. मेंढरं घेऊन वर्षभर या गावातून त्या गावात, ज्याला खत पाहिजे त्याच्या वावरात मेंढरं बसवायची आणि चारा संपला की घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढे. साहेबांच्या कार्यक्रमांना माणसं कमी पडायची, तेव्हा कार्यकर्ते जवळच्या वावरातल्या या दोघांना हाक मारून उभं करायचे. म्हणजे कोणी कोणाला घेऊन फिरत नव्हतं, साहेबांच्या आणि त्यांच्या वाटा आपल्या जुळत गेल्या. शोधता शोधता ते आमच्याच शिवारात सापडले. साहेब आणि मी तुरीच्या कडेनं चालत गेलो, दोन कुत्र्यांनी आमची नीट चौकशी केली आणि मग पुढे जाऊ दिलं.

साहेबांनी सगळं समजावलं. मला आशा अशी की ही हिंडती माणसं, फोटो बघून एकेक गाव सांगतील, मी पटापट फोल्डर करीन आणि वाचलो. लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. मनकर्णाबाईंनी चार फोटो बघितले आणि सांगितलं की गाव काही ओळखू येत नाही, भूमिपूजनाचा दगड सगळीकडे सारखाच. सुग्रीवनं मात्र फार मन लावून बघितलं. प्रत्येक फोटोत तो मेंढरांवर बोट ठेवायचा आणि ही मेली, ही विकली, हिला लांडग्यानं नेलं, एवढंच सांगायचा. एका मेंढीशी तर तो बराच वेळ थांबला, तिच्यासारखी पुन्हा झाली नाही म्हणाला. साहेबांचं भविष्य पडद्यावर टांगलेलं आणि आम्ही तिथे मेंढीचं सुतक पाळत बसलेलो.

साहेबांनी शेवटी हात जोडले. म्हणाले, बाई, गाव सांगू नका, पण मी सगळीकडे आलो होतो एवढं तरी चार लोकांत सांगाल का? मनकर्णाबाई म्हणाल्या, "सांगते की. आमी मेंढरामागं हिंडतो. आमाला काय म्हाईत, तुमी आमच्यामागं हिंडायलेत."

आणि त्या आल्या. मारुतीच्या पारावर गावोगावची माणसं जमली, बंकट पुढेच बसला होता. मनकर्णाबाईंनी पदर खोचला आणि उभ्यानंच सांगितलं. "सायेब खरं बोलायलेत. सातही जागी आलते. मी सोता हुते, खोबरं खाल्लंय. फुडच्या साली तिथंच मेंढरं घिऊन गेलो, तं नुसता दगड हुता. त्याच्या फुडच्या साली बी दगडच. घोडं बांधायला लई बरा पडतो."

दाजी, साक्षीदार इतका खरा असू नये. साहेब थापाडे नाहीत हे एका वाक्यात सिद्ध झालं आणि सात कामांपैकी एकही झालेलं नाही, हे दुसऱ्या वाक्यात. बंकटनं हसायला तोंड उघडलं होतं, तर बाईंनी त्याच्याकडे वळून सांगितलं की तुमच्या दुकानाच्या पाठीमागे जे सभागृह तुम्ही बांधणार होता, त्याच्या पायाच्या खड्ड्यातसुद्धा आम्ही दोन पावसाळे मेंढरं बसवलीत. पुढे बसलेला बंकट मागे सरकला. पारावरची माणसं हसून हसून बेजार झाली, आणि हसता हसता हळूहळू गप्प झाली, कारण ते दगड त्यांच्याच गावातले होते. साहेब घरी गेले ते गाडीनं नाही, पायी. मी मागोमाग होतो. वाटेत ते एवढंच म्हणाले की छबूनंही परवा हेच सांगितलं, फक्त तिनं घोडं बांधलं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल संपलं. तर आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा गट मागास प्रवर्गातल्या महिलेसाठी राखीव सुटला. साहेब बाद, बंकट बाद. दोघांच्या घरी एकदमच चूल पेटेना. दोघांनाही आता अशी बाई पाहिजे होती की जी प्रवर्गात बसते आणि गटातलं गाव न गाव तिला ओळखतं. आणि माझ्या त्या गचाळ एक्सपोर्टमुळे आख्ख्या गटानं पडद्यावर बघितलेली अशी बाई एकच होती. (मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. मी विनयशील आहे.) एकाच सकाळी दोन गाड्या त्या तुरीच्या वावराकडे वळल्या, कुत्री गोंधळून गेली. बंकटनं शब्द दिला की निवडून आणतो, बाईंनी काहीच करायचं नाही. तो गेल्यावर साहेब बांधावर टेकले आणि म्हणाले की मला काही सांगायला तोंड नाही, तुम्हीच सांगा काय करायचं. मनकर्णाबाईंनी सुग्रीवकडे बघितलं. सुग्रीवनं मेंढरांकडे बघितलं. मेंढरांनी हरकत घेतली नाही.

"उभी ऱ्हाते," बाई म्हणाल्या. "पर आधी त्या सात दगडांवर काय तरी उभं करायचं. आन नारळ मी फोडणार. तुमी कोपऱ्यात उभं ऱ्हायचं, कमरंवर हात ठिऊन."

साहेब हो म्हणाले. जातीचा दाखला घोड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत लॅमिनेशन करून ठेवलेला निघाला, आमच्या सगळ्यांच्या दाखल्यांपेक्षा कोरा करकरीत. अर्ज भरला गेला. आचारसंहिता लागायच्या आत साहेबांनी कोणाकोणाच्या पायऱ्या झिजवल्या मला माहीत नाही, पण नांदूरघाटच्या टाकीचा खड्डा खरोखर खणायला सुरुवात झाली, यंत्रानं, कुदळीनं नाही. नारळ मनकर्णाबाईंनी फोडला. छबुबाई त्यांच्या शेजारी, बरोबर मध्यभागी. साहेब कोपऱ्यात, कमरेवर हात ठेवून. तो फोटो मीच काढला, आणि दाजी, साहेबांना त्यात उजळायची गरजच पडली नाही. निवडणुकीचं काय व्हायचं ते होईल. मी आता एक्सपोर्ट करताना रचनेची खूण नीट बघून करतो आणि मूळ फोटोंना हात लावत नाही.

अक्काला नमस्कार, संस्कृतीला पापा. तिला म्हणावं मामाकडे ये, खरीखुरी कोकरं दाखवतो. चूकभूल पोटात घाला, तुमचं पोट मोठं आहे.

तुमचा,
रविराज

ता. क. – पत्र कॉलेजच्या पत्त्यावर का, ते सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी "सगळे फोटो निवडले" असं वर लिहिलंय, ते शब्दशः घ्या. संगणकातले सगळे. तुमच्या अंबाजोगाईच्या घराच्या भूमिपूजनाचे फोटोही त्याच पिशवीत पडले. वास्तुशांतीला मी जो तीन फुटी फोटो फ्रेम करून दिला, ज्यात तुम्ही फेटा बांधून पाठमोरे कुदळ मारताय आणि जो अक्कानं हॉलमध्ये दारासमोर लावलाय, तो मी अंदाजानं निवडला होता. त्यातल्या मनगटाला लाल गोफ आहे. तुम्ही घड्याळ घालता. ते सुंदरराव आहेत.

ता. ता. क. – येत्या गुरुवारी साहेब, छबुबाई आणि मनकर्णाबाई अंबाजोगाईला येणार आहेत. चहाला कुठे थांबायचं म्हणून माझ्या तोंडून तुमचं घर निघून गेलं. तेव्हा बुधवारपर्यंत फोटो उतरवा, तिथे कॅलेंडर लावा. अक्कानं विचारलं तर भिंतीला ओल आली म्हणून सांगा. खरं कारण सांगू नका, कारण ती रोज सकाळी त्या पाठीवरची धूळ पदरानं पुसते, असं तुम्हीच मला कौतुकानं सांगितलं होतं.

आणखी एक – तुमची खरी पाठ हरवलेली नाही, काळजी नसावी. मनकर्णाबाईंच्या पत्रकावर "मार्गदर्शक" या शब्दाखाली साहेबांची म्हणून छापून ती सध्या गटातल्या गावागावांत फिरते आहे. अनुदानित कॉलेजातल्या माणसानं प्रचार करायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून कुणी पत्रक दाखवलंच, तर ओळख दाखवू नका.